गाडी विटांवर चढवताना

५ जानेवारी २०२६, सोमवार. सणसर

ही वही तात्यांनी दिली. पाटबंधारे खात्याची जुनी आहे, वर 'आवर्तन नोंद' असं छापलंय, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्यांची. म्हणाले, गाडीचं रोज काय काम केलंस ते हिच्यात लिहीत जा. मी लिहिणार, पण खरं लिहिणार. तात्यांना दाखवायला दुसरी वही करावी लागेल.

भानुदास तात्या म्हणजे माझे चुलते. कालवा निरीक्षक म्हणून रिटायर झाले. तीस वर्षं शेतकऱ्यांना 'पुढच्या आवर्तनाला बघू' एवढं एकच वाक्य बोलून नोकरी काढली, असं काकी म्हणते. काकी म्हणजे चतुराबाई. दोघं चौदा फेब्रुवारीला कॅनडाला चाललेत, मेघनाकडं, दोन वर्षांसाठी. मेघना त्यांची एकुलती लेक, तिला फेब्रुवारीच्या शेवटाला बाळ होणार. व्हिसा आला, तिकिटं आली. राहिली फक्त गाडी. तात्यांनी घरात जाहीर करून टाकलंय, गाडीची नीट सोय लागल्याशिवाय मी हलणार नाही.

गाडी पांढरी, चौदा वर्षांची. दोन वर्षं उभी राहणार म्हणजे नुसतं कुलूप लावून भागत नाही. टायर बसतात, बॅटरी मरते, उंदीर वायरी खातात. मी मोबाईलवर व्हिडिओ बघितला. धुणं, ऑइल बदलणं, टाकी फुल करणं, बॅटरी काढणं, गाडी विटांवर चढवणं, झाकणं. एवढंच.

माझं शिक्षण आयटीआय मोटार मेकॅनिक, पहिलं वर्ष. दुसऱ्या वर्षाला गोव्याला गेलो, परत येईस्तोवर परीक्षा होऊन गेली होती. मग लोणी देवकरला कंपनीत तीन महिने, पुण्यात डिलिव्हरी, हंपीला एकाच्या खानावळीत. आता शेळगावात घरी होतो तर तात्यांचा फोन.

काकी दारातच म्हणाली, "आख्ख्या तालुक्यात तुमाला ह्योच घावला?"

तात्या म्हणाले, "गाडीचं काम घाईचं न्हाय. सिद्धू निवांत करतो. मला असाच माणूस पायजे हुता."

असं आजवर मला कुणी म्हणालं नव्हतं. जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

६ जानेवारी

गाडी धुतली. निम्मी. मग कालव्याच्या कडेला एक जण घार पाळतो म्हणून ऐकलं, ती बघायला गेलो. घार नव्हती, कोंबडा होता.

९ जानेवारी

उरलेली निम्मी धुतली. तोवर पहिली निम्मी मळली होती, कारण शेजारच्या फडात ऊसतोड चालू आहे आणि ट्रॅक्टर सारखे धुरळा उडवत जातात. तात्यांना सांगितलं. ते रागावतील वाटलं होतं. उलट म्हणाले, "तोड झाल्याशिवाय धुण्यात अर्थच न्हाय. थांब चार दिवस. कुठं फिरून यायचं असंल तर ये."

एवढा मोठ्या मनाचा मालक मी बघितला नाही.

काकी ओट्यावर बसून ऐकत होती. म्हणाली, "गाडीला कॅनडाला न्या. मला शेडात झाका."

१६ जानेवारी

बारामतीला कृषी प्रदर्शनात गेलो होतो. गाडीवर घालायचं कव्हर आणायला म्हणून निघालो, पण रस्त्यात प्रदर्शनाची गर्दी दिसली. औषध फवारायचा ड्रोन बघितला. तीन दिवस बघितला. शेवटी तो ड्रोनवाला मला 'भाऊ, तुमी घेणार हाय का?' म्हणाला, तेव्हा निघालो.

कव्हर राहिलंच. पण मी रिकामा आलो नाही. प्रदर्शनात शेततळ्याच्या तळाला अंथरतात तो प्लास्टिकचा कागद होता, पाचशे मायक्रॉन. ज्याच्यातनं आख्ख्या तळ्याचं पाणी पाझरत नाही, त्याच्यातनं गाडीला काय होणार? उरलेला एक तुकडा एकानं स्वस्तात दिला.

तात्यांनी कागद हातात घेतला, चिमटीत धरून बघितला, उन्हात धरला. सगळी जिंदगी पाण्यात काढलेला माणूस.

"उत्तम आणलंस," म्हणाले. "आवळून बांध. वारं शिरता कामा न्हाय."

आवळून बांधलं. खाली माती ओढून दाबली, शेततळ्याला करतात तशी.

२१ जानेवारी

आज कागद उघडला. आतून पाणी निथळत होतं. गाडीला घाम आला होता, सीटवर पांढरी बुरशी, स्टेअरिंग चिकट. वास असा, की शेजारची फुलाबाई नाकाला पदर लावून म्हणाली, "आत कोण हाय का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तात्या मात्र रागावले नाहीत. पाठीवर हात ठेवला. "हुतं. शिकतानाच चुकतं माणूस. आता सीटा काढून उन्हात घाल. आठवडा लागंल, लागू दे."

काकीनं त्यांच्याकडं बघितलं. ते आभाळाकडं बघत होते. आभाळात काही नव्हतं, मी पण बघितलं.

२६ जानेवारी

सीटा वाळत होत्या, तरी वस्तीतली माणसं गाडी मागायला आली. दर सव्वीस जानेवारीला प्रभात फेरीत तात्यांची गाडी पुढं असते, टपावर बाबासाहेबांचा फोटो आणि संविधान. पलीकडच्या आळीतही लग्न, बाळंतपण, साप चावणं, सगळं ह्याच गाडीनं पार पडलंय. मी म्हणालो गाडी बंद करायचं काम चाललंय. तात्या म्हणाले, "समाजाचं काम आधी." एकटी ड्रायव्हरची सीट बसवून गाडी नेली. तात्या गळ्यात निळा पंचा घालून पुढं चालत होते. लोक म्हणत होते, तात्या गेल्यावर आमाला कोण? तात्यांचा चेहरा इतका फुलला होता, की परत आल्यावर कॅनडाचं नावही काढलं नाही.

सगळा गुलाल गाडीवर. परत धुणं आलं.

१ फेब्रुवारी

काकी रोज सकाळी चाकाची बॅग घेऊन कालव्याच्या रस्त्यानं जाऊन येते. बॅग रिकामी नसते, आत पाट्यावरचा वरवंटा घालते. मी म्हणालो, "काकी, चाकं चांगली हायेत की. कशाला तपासतीस रोज?" ती म्हणाली, "चाकं न्हाय, हात तपासतीया." मला काही कळलं नाही. फुलाबाई तिला 'एरपोर्ट' म्हणून हाक मारायला लागलीय.

४ फेब्रुवारी

उंदरांसाठी इंजिनात तंबाखूच्या पुड्या ठेवल्या. ऊस तुटला की फडातले सगळे उंदीर घरांकडं येतात, आणि गाडीच्या वायरी त्यांना फार आवडतात. संध्याकाळी बघतो तर पुड्या गायब. मी म्हणालो उंदीर तंबाखू खायला लागले. मग फुलाबाई मिश्री भाजताना दिसली.

तात्यांना सांगितलं. "मग दुसरी तंबाखू आणायला बारामतीला जावं लागंल," ते म्हणाले. तंबाखू सणसरमध्ये पण मिळते. पण ते मोठे आहेत, काही विचार असेल.

७ फेब्रुवारी

आज तात्या पेन्शनच्या कामाला इंदापूरला गेले. काकीनं मला चहा दिला आणि समोर बसली. ती कधी समोर बसत नाही.

"सिद्धू, तू आजवर एक तरी गोष्ट शेवटाला नेलीयस का रं?"

"दहावी."

"ती बी ऑक्टोबरला."

मी चहा बशीत ओतला.

"हे एक ने. माझी लेक तितं एकटी हाय. नवरा कामाला जाणार. पोटातलं बाळ थांबत न्हाय गाडी वाळूपर्यंत."

"पण तात्यांचं समाधान झालं पायजे ना, काकी. गाडीवर लई जीव हाय त्यांचा."

काकी माझ्याकडं बघत राहिली, गणित न येणाऱ्या पोराकडं बाई बघतात तशी. मग म्हणाली, "व्हय बाबा. लई जीव. म्हणून तर म्हणते, लौकर कर."

१० फेब्रुवारी

झालं!

तीन दिवस कुठंही गेलो नाही. परवा एका मित्राचा गोकर्णहून फोन आला, हॉस्टेल सांभाळायला माणूस पाहिजे म्हणून. उचलला, पण बोलताना हातातला पाना सोडला नाही. धुतली. सीटा बसवल्या. ऑइल बदललं. टाकी गळ्यापर्यंत भरली, म्हणजे आत गंज धरत नाही. हँडब्रेक सैल सोडला. सायलेन्सरमध्ये चिंधी. बॅटरी काढून घरात फळीवर. चार कोपऱ्यांना विटांचे ठोकळे रचून गाडी जॅकनं त्यांच्यावर चढवली. चारी चाकं हवेत. हातानं फिरवलं तर गरगर फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. मी बराच वेळ ते करत बसलो.

मग तात्यांना बोलावलं. ते शेडच्या दारात उभे राहिले. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून विटा बघितल्या, बोनेट उघडून बघितलं. चूक सापडली नाही. आनंदानं त्यांना बोलताच येईना. शेवटी म्हणाले, "एवढ्यात झालं?"

"एवढ्यात? छत्तीस दिवस झाले, तात्या."

"तसं न्हवं..." म्हणाले आणि खाटेवर जाऊन पडले. संध्याकाळी जेवले नाहीत. काकीनं मला मात्र शिरा करून घातला.

१३ फेब्रुवारी

तात्यांच्या पाठीत चमक भरलीय. कालपासून उठता येत नाही. ऐन वेळेला बिचाऱ्यांचं नशीब. मी म्हणालो डॉक्टरला आणू, ते म्हणाले नको, झोपून राहिलं की बरं वाटतं. विमानात मात्र बसता येणार नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. मेघनाला पण फोनवर सांगितलं. ती रडली. काकी रडली नाही. तिनं बाम चोळला, आणि मग त्यांच्या गोळ्या सकाळच्या एका डब्यात, संध्याकाळच्या दुसऱ्या डब्यात घातल्या. गॅसचं बटण डावीकडं फिरवायचं, हे खाटेजवळ उभं राहून त्यांना सांगितलं. पीठ कुठं, डाळ कुठं, ते सांगितलं.

तात्या म्हणाले, "हे मला कशाला सांगतीस? चार दिवसांनी बरं वाटलं की दोघं मिळून तारीख बदलून घिऊ."

काकी म्हणाली, "तिखट खालच्या फळीवर हाय."

१४ फेब्रुवारी, शनिवार

काकी गेली. एकटी.

सकाळी दहाला बारामतीची भाड्याची गाडी दारात आली, मेघनानंच तिथून फोनवर सांगितली होती. काकीनं बॅग स्वतः ओढत आणली, मला हात लावू दिला नाही. तात्या आतून खाटेवरनं म्हणाले, "अगं, तुला इंग्रजी येतं का?"

"तुमाला तरी कुठं येतं? पासपोर्ट दावायचा. फोटू माझाच हाय त्याच्यावर."

"चुकशील कुठंतरी!"

"चुकले तर इचारीन. तोंड हाय मला."

ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं. काकी पुढचं दार उघडून त्याच्या शेजारी बसली. फुलाबाई ओरडली, "चतुरे, पुढं गं?" काकी म्हणाली, "चौदा वर्षं मागं पिशव्यांसंगं बसले. आता बघते रस्ता."

जाताना मला खिडकीतनं म्हणाली, "ह्यांना कसं वाटतंय म्हणून इचारू नगं. इचारलं की जास्त दुखतं."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मागं वळून बघतो तर तात्या अंगणात उभे. ताठ. दुखणं पार गेलेलं. बाम भारी होता, नाव लिहून ठेवलं पाहिजे.

"खरंच गेली?" ते म्हणाले.

"तुमी म्हणाला होतात ना, गाडी झाल्याशिवाय हलणार न्हाय. गाडी तर झाली हुती, तात्या."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं मी कायतरी वाईट बोललो. खरं तर मी त्यांच्या बाजूनंच बोलत होतो.

१६ फेब्रुवारी

तात्या म्हणाले, गाडी उतरव. छत्तीस दिवसांचं काम! मी म्हणालो कुठं जायचंय? ते म्हणाले, माणूस घरात असताना गाडी विटांवर बरी दिसत नाही. उतरवली. सगळं उतरवायला दोन तास लागले. बनवायला वेळ लागतो, मोडायला नाही.

२२ फेब्रुवारी

आम्ही रोज गाडी घेऊन बाहेर पडतो. मी चालवतो, कारण तात्या म्हणतात त्यांचं लक्ष लागत नाही. आज लोणी देवकरपर्यंत जाऊन, एक चहा पिऊन परत. काल शेळगाव. कुणाकडं काम नसतं. तात्या मागं डाव्या बाजूला बसतात, काकीच्या जागेवर. मी म्हणालो, "तात्या, पुढं या की, पाय लांब करता येतील." ते म्हणाले, "हितनं काय दिसतं ते बघतोय."

"काय दिसतं?"

"तुझं डोस्कं."

थोड्या वेळानं परत म्हणाले, "समोरचं काय बी दिसत न्हाय रं." पुढची सीट मागं सरकली असेल. उद्या बघतो.

स्वयंपाक मी करतो. तात्यांनी एकदा गॅस लावला, उजवीकडं फिरवला.

१ मार्च

मेघनाला मुलगी झाली. तीन दिवसांची आहे, नाव अजून नाही, तोवर छकुली म्हणतात. रात्री नऊला व्हिडिओ कॉल, तिकडं सकाळ. काकीनं कानटोपी घातलेली, मागं सगळा बर्फ. ओळखूच येईना.

तात्या म्हणाले, "तब्येत कशी हाय?"

"मला काय झालंय? आताच भाजी घिऊन आले. बसनं."

"मेघना एवढ्यात बाहेर पडली?"

"ती कशाला? ती झोपलीया. मी एकटी गेले. तीन थांबे हायेत."

"तिकीट कुणी काढलं?"

"कार्ड हाय. ते लावलं की टुक वाजतं."

तात्या मोबाईल जवळ धरून तिच्या मागचा बर्फ बघायला लागले. मग काकीनंच विचारलं, "गाडी बरी हाय का?"

"बरी हाय."

"मग झालं तर. सांभाळा." आणि पोरगी रडली म्हणून तिनं फोन ठेवला. 'तुमी कवा येताय' असं एकदाही विचारलं नाही. मला वाटतं, तात्यांच्या पाठीवर ताण नको म्हणून. समजूतदार बाई आहे.

तात्या फोनकडं बघत बसले होते. म्हणाले, "तिला एकटीला सणसरच्या स्टँडवर रस्ता वलांडता येत नव्हता, सिद्धू. मी हात धरून न्यायचो."

मी म्हणालो, "फुलाबाई म्हणती काकी एकटीच जायची बारामतीला, तुमी ऑफिसला गेल्यावर."

ते झोपायला गेले.

७ मार्च, शनिवार

बुधवारी भिगवणला रोहित पक्षी बघायला गेलो. एका होडीवाल्याची ओळख झाली, तो म्हणाला थांब, तर तीन दिवस थांबलो. रोज ताजी मासळी. तात्यांना फोन केला होता, त्यांनी उचलला नाही.

आज सकाळी अकराला घरी आलो तर शेडमध्ये खडखड. बनियनवर तात्या गाडीखालनं बाहेर आले, कपाळाला ऑइल. गाडी विटांवर. बॅटरी फळीवर. सायलेन्सरला चिंधी. इंजिनात तंबाखू, वर जाळीचा तुकडा बांधलेला, म्हणजे फुलाबाईला काढता येऊ नये. हे मला सुचलं नव्हतं. गाडीवर काकीची जुनी सुती लुगडी शिवून केलेलं मोठं पांघरूण.

"हे कवा केलं?"

"सकाळी सहाला लागलो. झालं की."

"पाच तासांत?"

"लुगडी काल फुलाबाईनं शिवून दिली. सुती असलं की गाडीला घाम येत न्हाय. प्लास्टिकनं येतो."

"तुमाला ठावं होतं? मग तवा का बोलला न्हाय, तात्या?"

ते हात पुसत राहिले. मला फार वाईट वाटलं. म्हणजे एवढे दिवस त्यांचा माझ्यावर भरवसाच नव्हता. नुसते चांगुलपणानं सहन करत होते.

ओसरीवर बॅग भरून ठेवलेली. कॅनडाचं तिकीट सोमवारचं.

९ मार्च

तात्यांना माझ्या मोटरसायकलवरनं बारामती स्टँडला सोडलं. मी भाड्याची गाडी सांगतो म्हणत होतो, ते म्हणाले यश्टीनं जातो, पुढं पुण्याहून मुंबई. बॅग मांडीवर घेऊन मागं बसले. सारखे म्हणत होते, "जरा हाण की. ब्रेकला पाय लावून काय चालवतोस?" पाठ दुखते का विचारणार होतो, पण काकीनं सांगितलंय.

स्टँडवर पुण्याची गाडी लागलीच होती. मी सगळं परत विचारून घेतलं. महिन्यातनं एकदा चाकं फिरवायची का? पांघरूण पावसाळ्यात बदलायचं का? किल्ली कुठं ठेवू? टाकीतलं पेट्रोल जुनं झालं तर?

तात्या पायरीवर चढले. म्हणाले, "सिद्धू, ती चौदा वर्षांची गाडी हाय. मोडीत घातलीस तरी चालंल मला." आणि आत जाऊन ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट धरून बसले, समोर बघत. गाडी निघेपर्यंत माझ्याकडं एकदा हात केला. गाडीचं, म्हणजे आपल्या गाडीचं, नावसुद्धा काढलं नाही.

म्हाताऱ्या माणसांना कशाचं काही राहत नाही. दोन महिने जिच्यासाठी माणसं राबली, ती मोडीत घाल म्हणतात. बरं झालं मी आहे.

परत सणसरला आलो आणि शेड उघडून सगळं तपासलं. काम घाईत केलंय, ते दिसतंच. मागच्या उजव्या ठोकळ्यातली एक वीट अर्धा इंच बाहेर आलीय. गोकर्णचा फोन आज परत आला होता, जागा अजून रिकामी आहे, लगेच ये म्हणतात. मी म्हणालो येतो. तेवढी वीट नीट बसवतो, मग निघतो.

१४ मार्च

वीट बसवली. आता डावीकडची वर वाटते.